पद : एक्स्ट्रूडर तंत्रज्ञ, जागा एक

साचा पुण्याहून आलेला, मी फक्त रकाने भरायचे.
शिक्षण. अनुभव. वयोमर्यादा.
जबाबदाऱ्या, टिंबं देऊन.
जळगाव एमआयडीसी, दुपारचे तीन, मे.
काचेपलीकडे चार नंबरची लाइन चालू
आणि तिच्यापाशी सुपडू महाजन,
एकतीस तारखेपर्यंत.

शिक्षण : आयटीआय, फिटर किंवा प्लास्टिक.
(सुपडूभाऊ नववी. गणितात गेले.)
'दबावाखाली काम करण्याची क्षमता'
हे साच्यात आधीच होतं.
त्यांना विचारलं, तर म्हणाले, किती बार?

पाइप पिवळा पडायच्या आधी
त्यांचं नाक वर होतं.
अलार्म मागून वाजतो,
जेवणं आटोपल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.
हे कुठल्या रकान्यात घालू?
डाय खरवडायला पितळेचीच पट्टी.
लोखंड लागलं तर उद्याच्या प्रत्येक पाइपवर
तीच एक रेघ.
हे ते सांगत नाहीत कुणाला,
पोराच्या हातातली पट्टी बदलतात फक्त.
'संवादकौशल्य उत्तम', मी टाइप केलं.
खोडलं.
पुन्हा टाइप केलं.

संध्याकाळी चहाला आले.
कागद हातभर लांब धरला; चष्मा एरंडोलला, घरी.
मग मीच वाचून दाखवलं, नऊच्या नऊ टिंबं.
बशी खाली ठेवून म्हणाले,
"हाऊ कोन शे वं ताई?
मानूस भारी दखास.
ली ल्या त्याले."

पुण्यानं नऊची पाच केली.
नाक गेलं, पितळ गेलं,
वेतन 'नियमानुसार' झालं.
एक ओळ कशी कोण जाणे राहून गेली, अगदी तळाशी :
मशीनचा आवाज ओळखता यावा.

सोमवारी फोन. यावलहून, नसीर तडवी.
पगाराचं नाही विचारलं, सुट्टीचं नाही.
"मॅडम, ते शेवटचं...
कोणता आवाज?"

मी चार्जरची वायर उपसली,
काच सरकवली, झळ आत आली,
आणि हात पुरेल तितका फोन बाहेर धरला.
सुपडूभाऊंना वाटलं फोटो काढतेय;
त्यांनी वरचं बटण लावलं, सरळ उभे राहिले.

फोन कानाशी आणला.
पलीकडे कुणी बोलेना.
मग म्हणाला,
"मॅडम, थोडा वेळ अजून धरा ना."