नीरम

आदम गावाच्या पुढे फार काही नाही.
वाळू, विजेचे खांब, आणि सलालाकडे जाणारा सरळ रस्ता.
म्हणून लोक माझ्या गॅरेजपाशी थांबतात,
हवा भरतात, चहा पितात,
आणि निघता निघता एक प्रश्न विचारतात.

खासनीस साहेबांचा प्रश्न असा :
समोरून ट्रक आला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते,
मग आत ओढली जाते.
"एरवी स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं आहे हो, याकूब."

हलकं.
मी पाना खाली ठेवला.

पांढरं मोटरहोम, कुणा जर्मन माणसाकडून घेतलेलं.
आत खाट, शेगडी, वीतभर मोरी,
आणि ऊर्मिलाबाई, मांडीवर लसणाची टोपली घेऊन.
कंपनीचं घर सोडलेलं. ऑगस्टअखेर व्हिसा संपणार.
एकतीस वर्षं मस्कतला राहून सलाला बघितलं नव्हतं.

गॅसची टाकी परकराच्या नाडीने बांधलेली.
तिच्या खालच्या भोकावर चिकटपट्टी,
वाळू येते म्हणून.
मी म्हटलं, बाई, वाळू आली तर झाडता येते.
हा गॅस पाण्यासारखा, खाली साचतो,
त्याला जायला वाट ठेवा.

टायरची नक्षी पुरी, नखाएवढी खोल.
पण कडेला चार आकडे असतात, ते कोणी वाचत नाही :
चौदावा आठवडा, तेरा साल.
रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं, साहेब,
चालवलं नाही तरी.
"तेही?" एवढंच म्हणाले.

मग खडीच्या क्रशरवर नेलं, काट्यावर.
आधी पुढची चाकं, मग मागची.
मागे साडेचारशे किलो जास्त.
पुढची चाकं नुसती जमिनीला हात लावून चाललेली,
पाहुण्यांच्या घरी कोणी पाटावर टेकतं तशी.

माझा बाप दाभोळचा तांडेल.
होडीत नीरम भरताना एकेक धोंडा स्वतः लावायचा,
दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.
म्हणायचा, नाळ उचलली
की होडी वाऱ्याची होते, तांडेलाची राहत नाही.
मी हे त्यांना सांगितलं.
पाण्यापासून दोनशे किलोमीटर आत,
बेचाळीस डिग्रीत, क्रशरच्या धुळीत.

मागचं दार उघडलं.
पाण्याची टाकी काठोकाठ. जनरेटर.
तळेगावच्या फ्लॅटसाठी घेतलेल्या फरशा, सहा खोकी,
फ्लॅटचा तिसरा मजला अजून चढायचा होता.
पितळी घंगाळ. पायाचं शिलाई मशीन.
अहवालांच्या फायली, ज्या कंपनीलाही नको होत्या.

साहेब एकेका खोक्यापुढे उभे राहिले,
विमानतळावर पट्ट्यापुढे उभं राहतात तसे,
आपलं कुठलं ते न ओळखून.
बाईंनीच सुरुवात केली.
लसूण बाजूला ठेवला, पदर खोचला,
आणि पहिलं खोकं स्वतः ओढलं.
"परतताना नेऊ," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

रात्रभर दोन पोरं आणि मी.
निजव्याहून आलेले नवे टायर,
उजाडायच्या आत, थंड असतानाच मोजलेली हवा,
टाकीला लोखंडी पट्टा,
पाणी अर्धं, बाकीचं सामान पुढे, खाटेखाली.
पन्नास रियाल सांगितले. साठ देऊन गेले.
ऐंशीच्या वर जाऊ नका, म्हटलं,
रात्री तर मुळीच नको, उंट रस्त्यावर बसतात.

दुसऱ्या दिवशी हैमाहून फोन.
"सरळ चालते. पण याकूब, स्टिअरिंग जड लागतं."
"लागू दे," मी म्हटलं.

परतताना ते वरच्या रस्त्याने गेले नाहीत,
किनाऱ्याने गेले, दुक्म, सूर.
चांगलं केलं. तिकडे वळणं आहेत पण समुद्र दिसतो.

फरशा अजून दारामागे आहेत.
मशीनला तेल घातलं,
परवा त्यावर एका पाण्याच्या टँकरची सीट शिवली,
जाड रेक्झीन, सुई तुटली नाही.
घंगाळात पंक्चर बघतो.
ट्यूब बुडवायची, दाबून धरायची,
आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत राहायचं.