खालून तिसरा खण

लिएपायाच्या ट्राम डेपोत
चाकांच्या गाड्यावरचा खालून तिसरा खण आम्हा दोघांचा.
सकाळी सहा ते दोन मी,
रात्री दहा ते सहा स्कायद्रीते.
मधल्या पाळीचा राइविस घरून पेटी आणतो,
कुलूप लावतो, त्याचं काही नाही.

मी लावतो उंचीप्रमाणे.
डावीकडे वीतभर लांब, मग उतरत उतरत
उजवीकडे शेवटी तो बोटाएवढा बुटका.
मुठी माझ्याकडे, पाती पलीकडे.
बावीस वर्षं.

ती लावते... लावते कसली.
चपटे एकीकडे, फुलीचे एकीकडे,
लांब-आखूड एकमेकांच्या उरावर,
एकाचं डोकं तिथे दुसऱ्याचे पाय,
एका खाटेवर झोपवलेल्या भावंडांसारखे.

म्हणून रोज सकाळी अंगातला कोट न काढताच
मी आधी त्यांना उठवतो.
मग कॉफी.

एकदा चिठ्ठी ठेवली खणात:
उंचीप्रमाणे. कृपया.
दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिलीने:
कशासाठी?
तीन आठवडे मी उत्तर शोधत होतो.
चिठ्ठीला तेल लागलं, मग ती कुणी तरी
हात पुसायला घेतली.

आणि मग एका सकाळी मुठींवर खाचा.
कानशीने काढलेल्या. चपट्याला एक, फुलीला दोन,
ती फुलीसारखी दिसते पण फुली नसते
तिला तीन.
डेपोची मालमत्ता!
मी एक स्क्रूड्रायव्हर घेऊन तडक अर्नोल्ड्सकडे गेलो.
त्याने मूठ उजेडाकडे धरून फिरवली,
म्हणाला, हात चांगला आहे बाईचा.

नोव्हेंबरात तिची आई कुल्डीगाच्या दवाखान्यात होती,
चार रात्री मी तिच्या पाळीला आलो.
खण अर्थातच माझ्या पद्धतीने.
दुसऱ्या रात्री समुद्रावरून वारा सुटला,
पत्रे वाजत होते,
मी खड्ड्यात, वर दोनशे एक्केचाळीस नंबरची ट्राम,
ब्रेकच्या पेटीचं झाकण अर्धं उघडून
डाव्या खांद्यावर पेललेलं.
आणि दिवा गेला.

बॅटरी वर, टेबलावर. झाकण सोडलं असतं
तर थेट माझ्या दातांवर.
उजवा हात कडेवरून वर नेला, खण चाचपला.
अकरा मुठी. अकराही सारख्या.
उंची सगळी पलीकडे, पात्यांत,
माझा हात पोचत नव्हता तिथे.
पहिला काढला, चुकला. दुसरा हातातून निसटून
खड्ड्यात कुठे तरी खणखणत गेला.
घामावर वारा लागत होता.
आईवरून एक शिवी दिली, कुणाला ते आठवत नाही.

मग अंगठ्याला खाच लागली.
तिच्या शेजारी दुसरी. एका कडेला जराशी खरखर,
कानस घाईत ओढल्यासारखी.
दोन.
फुली.
झाकण बसलं.

तसाच बसून राहिलो थोडा वेळ अंधारात.
माझी रांग होती उजेडातली.
उजेडात काय, कुणीही शहाणा.
ती अकरा वर्षं या खड्ड्यात रात्री उतरते,
आणि तो दिवा, मला नंतर राइविस म्हणाला,
आठवड्यातून एकदा तरी जातोच.

पाचव्या दिवशी ती यायच्या आधी
मी खण तिच्यासारखा लावून ठेवला.
चपटे इकडे, फुल्या तिकडे, डोक्याशी पाय.
वेळ लागला. अस्ताव्यस्त वाटतं, पण त्यातही
कोण कुणाशेजारी हे ठरलेलं असतं.
बुटक्याला तेवढं उजव्या टोकाला ठेवलं,
त्याच्या जागी.
बावीस वर्षं म्हणजे काही कमी नाहीत.

सकाळी बघतो तर बुटका
दोन लांबांच्या मध्ये.
मी उचलून उजवीकडे ठेवला.
दुसऱ्या सकाळी पुन्हा मध्ये.

आता मार्च लागला.
पहाटे सहाला फाटकाशी भेट होते,
ती सायकल रुळांवरून उचलून नेते, मी फाटक धरतो.
आई कशी आहे, विचारतो. चालतेय थोडी, म्हणते.
मला सुप्रभात, तिला शुभरात्री.

बुटक्याबद्दल
दोघांपैकी कुणीही काही बोलत नाही.