शेळीचा हिशोब

भुसावळला लोको शेडच्या मागे
कोळशाची भुकटी बसलेल्या दोन खोल्या, ती आमची शाळा.
शनिवारी बंद, रविवारी भरायची,
म्हणून कॉलनीतली पोरं आम्हाला उलट्या पोटाची म्हणायची.
एकतीस मुलं. त्यांत आम्ही सात इस्रायली,
बाकी पाटील, तडवी, खान, एक फर्नांडिस.
आणि सिपोराबाई वाक्रुळकर,
ज्या गणित, मराठी, हिब्रू
एकाच खडूनं शिकवायच्या.

एका सोमवारी एक शेळी सरळ वर्गात आली.
पांढरी, एका कानाला काप, गळ्यात तुटकं दावं.
"कुणाची?" कुणाचीच नव्हती.
बाईंनी तोरातली ओळ फळ्यावर लिहिली:
भावाचं जनावर भटकताना दिसलं
तर पाहिलंच नाही असं करू नकोस,
तो शोधत येईतो घरी सांभाळ.
सलीम तडवी म्हणाला, "पण भाऊ कोण ते माहीतच नाही."
बाई म्हणाल्या, "म्हणून तर सांभाळायची."

दुसऱ्या दिवशी तिनं एलियाझची वही खाल्ली,
नेमकं ते पान, ज्यावर ते नाव होतं,
जे पान फाटलं तरी फेकत नाहीत, पुरतात.
एलियाझ रडला. आता शेळी पुरायची का?
बाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला.

मग हिशोब. फळ्याची उजवी बाजू तिच्या नावे.
रोज अर्धा लिटर, स्टेशनच्या कँटीनला, पंचाहत्तर पैसे.
ढेप, कडबा, नवं दावं.
शनिवारी आम्ही धार काढायची नाही,
पण सड तटतटलेलं जनावर वार कसा ओळखेल?
सकीनाबी यायच्या, काढायच्या, दूध घेऊन जायच्या.
"ती मजुरी," बाई म्हणाल्या, "तिचा रकाना नाही."

दूध पोचवायचं काम माझं.
नवव्या दिवशी पुलाखाली थांबून
मी एक घोट प्यायलो.
कोमट, किंचित उग्र.
मग नळाखाली किटली धरली, बरोब्बर तेवढीच.
दहाव्या दिवशी दोन घोट.

टिकमदास कँटीनवाला शाळेत आला.
"बाई, दूध पातळ येतंय."
वर्ग गप्प. बाहेर इंजिनानं वाफ सोडली.
बाईंनी एकेकाकडे पाहिलं,
सलीमकडे, एलियाझकडे, खिडकीतल्या शेळीकडेसुद्धा.
माझ्याकडे तेवढं पाहिलं नाही.
"चारा बदलून बघते," म्हणाल्या,
आणि स्वतःच्या बटव्यातून त्याला काही चिल्लर दिली.
त्या दिवसापासून किटली घेऊन मी पळतच जायचो.

अठराव्या दिवशी, गुरुवारी, गेंदाबाई आली.
ठेलाऱ्यांचा कळप तापी ओलांडून पुढे गेलेला,
ती एकटी मागे फिरलेली, पायांना भेगा.
तिनं आधी कापलेला कान चाचपला.
"हाई मन्हीच शे."
मग दारातच उभी राहिली, पदराची गाठ सोडत,
चाऱ्याचे किती मागतील या भीतीनं.

बाईंनी फळा वाचून दाखवला.
दुधाचे बारा रुपये.
खर्च सात पस्तीस.
चार पासष्ट तिच्या हातावर ठेवले.
"पैसा कसाना?" ती मागे सरली.
कुणी पैसे देतंय म्हणजे शेळी राहणार, असं वाटलं असावं.
सलीमनं समजावलं, तिच्याच बोलीत, दोनदा.
तिनं नाणी मोजली नाहीत.
शेळीनं मात्र जाताना
वळूनसुद्धा पाहिलं नाही.

संध्याकाळी फळा पुसायची पाळी माझी.
दूध, ढेप, कडबा, दावं.
आणि सगळ्यांत खाली
पट्टीनं आखलेली एक ओळ,
तिच्यावर नाव नाही, आकडा नाही.
बाई खिडक्या लावत होत्या,
माझ्याकडे पाठ करून, सावकाश,
एका खिडकीची कडी तर दोनदा.

बाकीचं मी पुसलं.
त्या ओळीशी खडू घेऊन
किती वेळ उभा होतो कोण जाणे,
चारची मालगाडी गेली,
साडेचारचीही गेली.