नळी नंबर पाच

वळीव पडून गेला त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी
वडगावच्या पेट्रोल पंपावर, पांढऱ्या दिव्याखाली
त्या उतरत होत्या.
नवरे आधीच डबक्यात मरून पडलेले.
एक तर माझ्या चपलेच्या अंगठ्याला घासून
स्वतःचे पंख मोडत होती,
घाई नाही, दुःख नाही,
बाहेरून आल्यावर घड्याळ काढून ठेवावं तसं.
पंपावरचा पोरगा म्हणाला, काय हुडकूलाय मॅडम?
मी म्हटलं, राण्या.
त्यानं हवेचा पाइप खाली ठेवला आणि
मोबाइलच्या उजेडात दोन शोधून दिल्या.
सगळ्या मिळून सात.

लॅबमधल्या नळ्या, कडा उडालेल्या,
ज्यांत आम्ही आता रक्त घेत नाही,
उकळून आणल्या होत्या.
तळाशी पाणी, त्यावर कापूस दाबून,
मग ती, मग दुसरा बोळा, सैल, श्वासापुरता.
लेबल लावायची हाताला सवय:
नाव, वय, लिंग, कुठून आली.
नाव कोरं ठेवलं.
वय: एक रात्र.

खायला द्यायचं नसतं.
उडण्यासाठीचं जे मांस छातीत असतं
तेच ती आतल्या आत विरघळवते,
त्यावरच पहिली पोरं वाढतात.
हे वाचलं होतं, पटत नव्हतं.
दोन नंबरला साखरेचा थेंब दिला.
चौथ्या दिवशी नळीत माझी दया उगवली होती,
पांढरी, केसाळ.

आणि भिंतीपलीकडं ईरण्णाचे चार माग.
सकाळी सहाला खटक-खटक सुरू झाले की
फळीवरच्या सगळ्या नळ्यांतलं पाणी शहारायचं.
एक नंबरची आठ अंडी होती. मग पाच.
मग तिच्या तोंडाशी काहीतरी पांढरं.
चार नंबरनंही तेच केलं.
धोका वाटला की घातलेलं परत पोटात घ्यायचं,
हिशोब चोख.

माझी कन्नड बँकेपुरती आणि बसपुरती.
तिच्यात मुंग्या, कंप, अंडी हे सांगताना
ईरण्णा माझ्याकडं नुसताच बघत राहिला,
पोट चालवायचा माग कोण बंद करतो मुंगीसाठी.
गौरव्वा मात्र कांड्या भरता भरता थांबली,
एष्ट मक्कळु? पोरं किती?
मी म्हटलं, इन्नू इल्ल. अजून नाहीत.
कुणाची विचारलीस, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी ती सुताची झोळी घेऊन आली,
उरलेल्या काठांची, जांभळी-हिरवी.
छताला एक कडी आहे माझ्या खोलीत,
आधीच्या भाडेकरूंनी ठेवलेली.
बारा वर्षांत मी तिला काही टांगलं नव्हतं.
टांगलेल्या वस्तूला जमिनीचा हादरा पोचत नाही,
हे गौरव्वाला कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

मग फक्त रविवारी बघायचं, तांबड्या कागदातून.
तीन नंबर मेली, कारण कळलं नाही.
रिपोर्टात आम्ही असं कधी लिहीत नाही.
सहा नंबरची पिलावळ जोमात वाढली, आणि
सगळे नर निघाले, तिचा जोडा लागलाच नव्हता.
सात नंबर मीच सोडली, गौरव्वाच्या कढीपत्त्याच्या मुळाशी,
एकीला तरी माती मिळो म्हणून.

पाच नंबर राहिली.
पोट बारीक झालेलं, छाती रिकामी,
तरी कोशांना चाटत, उलटवत, पाण्यापासून लांब नेत.
जूनच्या अखेरच्या रविवारी तिथं आणखी कुणीतरी होतं,
तिळाएवढं, फिक्कं,
स्वतःच्या पायांवर विश्वास नसलेलं.
ते कुठंच गेलं नाही.
आधी वळून आईचं तोंड चाचपलं.

भिंतीवरून गौरव्वा ओरडली, बंतेन?
ओंद, मी म्हटलं. एक.
मधाचा थेंब सुईच्या टोकावर घेतला,
आता द्यायचा असतो.
तेवढ्यात ईरण्णानं माग चालू केला.
झोळी जराशी हलली.
कुणी काही खाल्लं नाही.