हाफ की फुल

तवंदीच्या चढाला तिसऱ्या गिअरातच दम लागला,
मागची एसटी आरशातून पुसली गेली निळ्या धुरात,
तेव्हाच कळलं होतं.
तरी हुबळीत कास्टिंग उतरवून
परत कागलच्या नाक्यापर्यंत
मी स्वतःला सांगत आलो,
डिझेलात भेसळ असंल.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीनं
चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढलं
आणि उलटं करून तोंडावर ठेवलं.
झाकण नाचाय लागलं,
तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसं.
मिस्त्री काही बोलला नाही.
चहा सांगितला. दोन.

मग म्हणाला, ऑइल किती पितीय?
हजार किलोमीटरला दोन लिटर, मी म्हटलं.
चार पीत होती.

हाफ करायचं तर चेसीवरच होतंय, तो म्हणाला,
हेड काढायचं, चेंबर सोडायचं,
लायनर, पिस्टन, रिंगा, खालनं बेअरिंग.
चार दिवस. नव्वद हजार.
फुल म्हणजे इंजिन खाली उतरायचं,
ब्लॉक धुवायचा, क्रँक ग्राइंडिंगला,
पंधरा दिवस, सव्वादोन लाख,
आणि त्यात काय काय निघंल ते वेगळं.
नाहीतर पुण्यासनं तयार इंजिन आण,
तुझं त्यांना, त्यांचं तुला,
दोन दिवसांत गाडी रस्त्यावर.
पण कुणाच्या छातीतलं काळीज येतंय
ते मला इचारू नको.

हप्ता पाच तारखेला. आज एकोणीस.
पद्मलनं फोनवर एवढंच विचारलं,
परत उघडावं लागणार नाही असं कशात आहे?
मी म्हटलं, हाफ.
मिस्त्रीला म्हणजे.
तिला म्हटलं, बघतो.

सोमवारी उद्यमनगर बंद,
लेथ गप्प, फक्त एक कुत्रं बुरादा हुंगत होतं.
बंद शटरच्या दारातच मिस्त्री पोत्यावर आडवा,
चेंबर सोडलेल्या इंजिनाखाली,
एका हातात बॅटरी, एका हातात मायक्रोमीटर.
तिसऱ्या कनरॉडाचा जर्नल उभा मोजला, आडवा मोजला.
परत उभा.
लंबगोल झालाय, खालनं आवाज आला.
ह्याच्यावर नवं बेअरिंग म्हणजे
वाकड्या बोटात नवी अंगठी.
तीन महिने. फार तर गळीत हंगाम संपंपर्यंत.

मग बराच वेळ आवाजच नाही.
बॅटरी एकाच जागी थांबलेली.
मला वाटलं झोपला.

बाहेर आला तेव्हा कपाळाला ऑइल लागलेलं.
म्हणाला, क्रँकवर ठोका हाय. वीस साईज.
आणि वीसच्या शेजारी एक टिंब.
मी म्हटलं, मला तर सांगलीच्या एजंटानं
इंजिन कधी उघडलंच नाही म्हणून गाडी दिली.
त्यानं बोट पुसलं, एकेक.
टिंब माझं हाय.
जिनगोंडाच्या कारखान्यात होतो तवा मी मारायचो,
माझं काम मला वळखू यावं म्हणून.
आता वळखू आलं.

शेवटची घाई असायची, तो म्हणाला,
दिवसाला पाच क्रँक.
कोपऱ्याची गोलाई धरायचोच असं नाही,
पॉलिशही डोळ्यानं बघून सोडायचो.
ही त्यातली असंल, नसंल.
लिहून कोण ठेवतंय.

समोरच्या भिंतीवर जुन्या गॅस्केटी टांगलेल्या,
सहा-सहा भोकांच्या,
त्यांतून पलीकडचा चुना दिसत होता.
मी हिशेब करत होतो
आणि हिशेब होत नव्हता.

फुल करा, मी म्हटलं.
माझाच आवाज मला परका वाटला.
मजुरीत काय बघा तेवढं.

मजुरी कमी होणार नाही, मिस्त्री म्हणाला.
तवा काम अर्धं केलं, पैसे पुरे घेतले.
आता काम पुरं करतो, पैसे पुरेच घेणार.
हप्त्यानं दे पाहिजे तर.

मंगळवारी सकाळी चेन-कप्पीवर इंजिन वर आलं.
चेसीत राहिली एक चौकोनी पोकळी
आणि तिच्यातनं खालची काळी जमीन.
मिस्त्रीच्या पोरानं तिथं बादली ठेवली,
उरलेलं ऑइल ठिपकत होतं म्हणून.

पद्मलला फोन लावला.
ती म्हणाली, बोला.
मी बादलीतला आवाज ऐकत राहिलो थोडा वेळ.