पोस्ट बेसिक

रात्री अडीचला वॉर्ड जरा दम खातो.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून मी बसते,
एक डोळा बारा नंबरच्या सलाईनवर,
दुसरा पुस्तकात :
झोपेची व्याख्या सांगून तिचे टप्पे लिहा. गुण पाच.

हसू फुटतं.
"काहून हासून राह्यली सिस्टर?"
उईके काका जागेच.
अभ्यास करून राह्यले काका.
"आता? या वयात?"
या वयात.

चौदा वर्षं झाली जीएनएमला.
धंतोलीतले तीन दवाखाने,
दरवेळी अकरा महिन्यांचा कागद,
बाराव्या महिन्यात मी कुणाचीच नसते.
जाहिरातीत लिहिलेलं असतं, पात्रता बी.एस्सी.
त्या 'बी'पुढच्या टिंबाशी
माझं बोट येऊन थांबायचं.

मग आईची एकदाणी इतवारीत ठेवली.
आई म्हणाली, ठेव, मले कुठं मिरवाचं आहे आता.
आणि दिवसभर गळ्याशी हात नेत राहिली.

प्रणोती आली तेव्हा तिचे हात थरथरायचे.
म्हातारीची शीर सापडेना, रडायला आली.
मी मनगट धरलं तिचं :
डोळ्यानं नको शोधू, बोटानं पाह्य.
ती आता इनचार्ज आहे.
परीक्षेच्या रजेचा अर्ज तिलाच लिहिला,
"माननीय मॅडम" लिहिताना पेन अडलं, खरं सांगते.
तिनं सही केली, दार लोटलं,
"ताई, स्टॅटिस्टिक्सच्या नोट्स देऊ माझ्या?"
नको म्हटलं.
लिफ्टपर्यंत गेले.
परत आले.

सकाळी ड्युटीवरून सरळ कॉलेज.
मेडिकल चौकात पोहे, तर्री जास्त घाल रे बाबू,
चारपर्यंत जागं राहायचं आहे.
सव्वीस वर्षांची ट्यूटर पुतळ्यावर चादर घालायला शिकवते,
कोपरा पंचेचाळीस अंशात.
माझी पाळी आली तशी मी पुतळ्याला म्हटलं,
जरा कड बदला हं, झालंच.
वर्ग खोखो हसला.
मीही.
पण माझा हात त्याच्या पाठीखाली
तसाच होता, आधाराला.

घरी ओजस आठवीच्या वहीत
मीन, मीडियन, मोड समजावतो,
"आई, सोप्पं आहे, तू झोपून राह्यली."
मिनिटाला किती थेंब ते मी न पाहता सांगते रे,
ही सरासरी मात्र हाती लागत नाही.

बाराचं सलाईन संपत आलं.
पहिला टप्पा लिहून झाला आहे.
दुसरा :