रकाना सातवा

अर्जाचा सातवा रकाना अजून कोरा आहे:
शोध कुठे लागला?
फेमकेने पेन्सिलीने लिहिलं, अधांतरी.
मग खोडलं. त्या नावाचा देश
यादीत नाही.

वीबे स्क्रीनवरून सांगतो,
केस सगळे वर उभे:
पंपात थेंब अडकत होता,
मी दोन दालनांमधल्या दारात तरंगत होतो,
डोकं जपानी, पाय अमेरिकन.
थेंब गरगर फिरवला तर सुटेल, हे सुचलं
तेव्हा खाली पेरू होता.
पटलं तेव्हा मोरोक्को.

खाली कोण होतं ते कायदा विचारत नाही.
तो भिंती बघतो.
ज्याने दालन नोंदवलं त्याची हवा, त्याचे स्क्रू,
आणि त्यात सुचलेलंही त्याच्याच मुलखातलं.
पण उंबरा?
ना आत, ना बाहेर,
ना जमिनीवर, ना धड आकाशात.
असल्या जागी पूर्वी देव खांब फोडून यायचे.
आता वकील येतात.

फेमके समुद्रसपाटीच्या खाली राहते.
तिच्या पणजोबांनी पाणी उपसून जमीन केली
आणि चिखल वाळायच्या आत
तिच्यावर मोजणीच्या दोऱ्या ताणल्या.
हद्द आधी कागदावर उगवते,
गवत नंतर.

पंप चालवणारा प्रोग्रॅम मात्र वीबेचा नाही.
ग्रोनिंगेनकडच्या कुणा पोराचा, फुकटात उतरवलेला.
परवान्यात लिहिलंय:
जगभर, कुणीही, हवा तसा वापरा.
बदल केलात तर तोही वाटा.
आता चारशे किलोमीटर वर
जग असतं का?
दोन तज्ज्ञ गप्प बसले.
गप्प बसण्याचंही बिल आलं.

शेवटी तिने त्या पोरालाच फोन लावला.
सान्नो, आता एकेचाळीसचा. मागे गाईंचा आवाज.
"एकोणीसचा होतो मी. दूध ओढायचा पंप अडकायचा.
जगभर लिहिलं तेव्हा
शेजारचे दोन गोठे डोळ्यांसमोर होते."
मग जरा थांबून,
"वर काय ओढतात त्याने?"
तिने सांगितलं. घाम, श्वासातली वाफ, लघवी,
गाळून पुन्हा प्यायला.
तो इतका हसला की एक गाय हंबरली.
"मग असू दे की."

डिसेंबरचे पाच. रैस्वैकच्या कचेरीत दिवे लागले.
परवान्याच्या कागदावर, क्षेत्र या शब्दापुढे,
फेमकेने लिहिलं:
शेजारचे दोन गोठे, आणि तिथून पुढे.
पेन्सिलीने नाही.

सातवा रकाना उद्या.